आधी आग बंद

परवा बँकेत लाइट गेली आणि कुठल्याशा कोपऱ्यातला यूपीएस टूं टूं करून कोकलायला लागला. रांगेतल्या कुणी मानसुद्धा वर केली नाही. मला मात्र फिस्सकन हसू फुटलं. कॅशियरबाईंनी काचेतून माझ्याकडे असं पाहिलं की मी पदर तोंडाला लावला. आता त्यांना काय सांगणार? शांताराम नाना आठवले म्हटलं असतं, तर त्यांनी विचारलं असतं कोण नाना, आणि मी एकदा नानांबद्दल बोलायला लागले की समोरच्याचा चहा थंड होतो. बँक तर बंदच झाली असती.

नाना म्हणजे सुरतेला बमरोलीत भिंतीला भिंत लागून राहणारे आमचे शेजारी. पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलरवर होते. मी मराठी शाळेत शिकवायची, म्हणून घरांच्या अख्ख्या लाइनीची ‘बाई’. आम्ही विदर्भातले, ते अमळनेरकडचे. माझं बोलणं त्यांना पुस्तकातलं वाटे आणि त्यांची अहिराणी मला पहिलं वर्षभर निम्मीच कळे. पण नानांचं बोलणं न कळण्याची सोय नव्हती, कारण ते ऐकावंच लागे. आयुष्य बॉयलरच्या घरघरीत गेलेलं. घरात ‘मीठ दे’ म्हणाले की तिसऱ्या घरातली बाई मिठाची बरणी घेऊन दारात यायची.

उंची बेताची, छाती पिंपासारखी, गळ्यात कायम एक टॉवेल. भुवया मात्र अर्ध्याच. बाहेरच्या बाजूच्या अर्ध्या कधी काळी जळाल्या त्या पुन्हा उगवल्या नाहीत. त्यामुळे नाना शांत बसले असले तरी आत्ताच कुणीतरी त्यांना वाईट बातमी दिली आहे असं वाटायचं.

त्या भुवयांमागे एक गोष्ट होती. नानांनी ती मला एकदाच सांगितली, ओट्यावर बसून, सुपारी कातरता कातरता. बॉयलरमधलं पाणी उतरलं की घंटी वाजते. ती वाजली की आधी भट्टी बंद करायची, मग काय बिघडलं ते बघायचं, असा नियम. नानांच्या जोडीला सुपडू नावाचा माणूस होता, गावाकडचाच. एकदा घंटी वाजली तेव्हा हा सुपडू म्हणाला, थांब रे, आधी पाण्याच्या मोटारीला काय झालं ते बघतो. बघायला वाकला आणि वाफ फुटली. नानांनी त्याला ओढून बाहेर काढलं, त्यातच भुवया गेल्या. सुपडू जगला, पण उजवा हात गेला, आणि तो गावी परतला. “बाई, मी घंटीला अक्कल लावत नाही,” नाना म्हणाले. “आधी आग बंद, मग अक्कल चालू.”

हे वाक्य त्यांनी नुसतं मिलमध्ये ठेवलं असतं तर बरं झालं असतं. ते त्यांनी घरी आणलं. सुमनकाकूंच्या कुकरची पहिली शिट्टी झाली की नाना असतील तिथून उठत, न्हाणीघरातून ओलेत्यानं येत, आणि गॅस बंद करत. काकू कपाळाला हात लावत. नाना घरात असले की त्या घरात तुरीची डाळ कधी शिजली नाही. काकू डाळीचा डबा माझ्याकडे घेऊन यायच्या. “बाई, तुमच्याकडे तीन शिट्ट्या करून देता का?” मी करून द्यायची. शिट्टी झाली की भिंतीपलीकडून नाना ओरडायचे, “बाई, वाजनं!” मी इकडून ओरडायची, “ऐकलं!”

अशा माणसाच्या घरात कॉम्प्युटर आला.

आला तो ज्योतीसाठी. ज्योती ही नानांची धाकटी. थोरलीचं लग्न होऊन ती शिरपूरला गेलेली. ज्योतीनं उधन्याला क्लास लावून कॉम्प्युटरवर मराठी पानं जुळवायचं शिकून घेतलं होतं आणि तिच्या डोक्यात एकच होतं: लग्नपत्रिका. सुरतेत खान्देशी माणसं काही कमी आहेत का? पण मराठी पत्रिका काढायची म्हणजे नंदुरबार नाही तर धुळं गाठा. ज्योती म्हणायची, हे काम मी घरी करीन, माझं स्वतःचं.

पण तिच्या डोक्यावर आक्का बसलेल्या होत्या. आक्का ही नानांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा नानांना आक्कांनीच वाढवलं. त्यामुळे बॉयलरला न भिणारे नाना आक्कांसमोर टॉवेल सावरून उभे राहायचे. आक्कांनी पारोळ्याचा एक मुलगा बघून ठेवला होता. घरची पिठाची गिरणी, दारात म्हशी. ज्योतीला गिरणी नको होती, म्हशी तर नकोच होत्या. संक्रांतीला आक्का आल्या तेव्हा आमच्या सामाईक ओट्यावर जाहीर वादावादी झाली आणि शेवटी आक्कांनीच निवाडा दिला. समाजाचा सामुदायिक विवाह आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरला होता, त्यात आक्कांचा नातूही बोहल्यावर चढणार होता. “त्या लग्नाची पत्रिका ह्या पोरीनं वेळेवर काढून दाखवावी,” आक्का म्हणाल्या. “काढली, तर दोन वर्षं मी तिच्या लग्नाचं तोंडातून काढणार नाही. नाही काढली, तर आखाजी झाली की पारोळ्याला होकार. बोल शांताराम.”

नाना बोलले, “कबूल.” आणि दुसऱ्या दिवशी मिलच्या ऑफिसात जाऊन, नवे आल्यामुळे कोपऱ्यात पडलेला जुना कॉम्प्युटर साहेबांकडून मागून घेऊन आले. हातगाडीवर, गोधडीत गुंडाळून. वर ज्योतीला बसवलं होतं, धरायला.

जोडायला कल्पेशभाई आले. मिलचे कॉम्प्युटर तेच बघायचे. भला माणूस, खिशात सतत एक पेचकस. काकूंनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं. नारळ मात्र नानांनी दारात फोडला, यंत्राजवळ पाणी नको म्हणून. इथवर सगळं शहाणपणाचं चाललं होतं.

कल्पेशभाईंनी बटण दाबलं. आतून एक टूं आलं आणि घरातली लाइट गेली. पंखा बंद, बल्ब बंद. थोड्या वेळानं लाइट आली. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. टूं. पुन्हा लाइट गेली. त्यांनी वायर बदलली, डब्याचं झाकण काढून आत फुंकर मारली, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. टूं, आणि अंधार. “काका, तमारे त्यां पावरनो लोचो छे,” ते घाम पुसत म्हणाले. काका तिथे नव्हतेच.

काका कुठे होते ते मला दिसत होतं. मी ओट्यावर मटार सोलत होते आणि नाना माझ्यापासून चार हातांवर, भिंतीवरच्या मीटरपेटीसमोर, मेन स्विचवर हात ठेवून उभे होते. आतून टूं आलं की खट्.

“नाना, काय करताय?”

“वाजनं ना, बाई! ऐकलं नाही? काय बिघडलंय ते तो बघतोय आत. आग मी सांभाळतो.”

मी मटार तसेच टाकले आणि हसत हसत आत जाऊन सांगितलं. कल्पेशभाईंना आधी विश्वास बसेना, मग त्यांनी बाहेर येऊन नानांना समजावलं की काका, एक टूं म्हणजे सगळं बरोबर आहे असा अर्थ. नानांच्या अर्ध्या भुवया वर गेल्या. “सगळं बरोबर आहे म्हणून बोंबलतो? असा माणूस असता तर त्याला मिलच्या गेटवरून परत पाठवला असता.” पण कल्पेशभाई जाणकार, त्यांचा मान ठेवायचा म्हणून एका टूंला माफी मिळाली. दुसऱ्याला नाही, हे नानांनी तेव्हाच बजावून सांगितलं.

मग नानांनी कॉम्प्युटरचा ताबा घेतला. चालवायचा नाही हं, तो ज्योतीनं चालवायचा. नानांनी त्याची ड्यूटी लावली. पहिला नियम, थंड यंत्रावर लोड टाकायचा नाही. ज्योती कामाला बसायच्या बऱ्याच आधी नाना तो चालू करून ठेवत आणि मधून मधून डब्याच्या पाठीला हात लावून बघत, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. दुसरा नियम, चालू यंत्र एकटं सोडायचं नाही. ज्योतीला पाणी प्यायला उठायचं असलं तरी आधी चार्ज द्यावा लागे. मिलमध्ये पाळी बदलताना जे होतं ते सगळं.

“काच?” नाना विचारत. पडद्याला ते काचच म्हणायचे.

“बरोबर.”

“आवाज?”

“बरोबर.”

“जा. चार्ज घेतला.”

आणि नाना हाताची घडी घालून पडद्यासमोर बसत. त्यांची पाळी असली की काकूंना बसवून जात. काकू लसूण सोलत बसायच्या आणि मला खिडकीतून विचारायच्या, “बाई, ह्याच्याकडे बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं?”

असाच एकदा ज्योतीनं चार्ज दिला आणि ती पापड वाळत घालायला गच्चीवर गेली. मी सहज डोकावले तर नाना पडद्यासमोर उभे, तोंड लाल. काम थांबलं की त्या पडद्यावर आपोआप पाइपांचं चित्र सुरू व्हायचं. एक पाइप निघायचा, वळायचा, दुसऱ्याला वेटोळं घालायचा, तिसरा त्यातून घुसायचा, आणि बघता बघता सगळी काच पाइपांनी भरून जायची. इतरांच्या पडद्यावर ते चित्र कुणी बघतही नसेल. नाना बॉयलरवाले!

“बाई, हे बघा, हे बघा! कोणी केलंय हे फिटिंग? एवढी लाइन टाकली, कुठे एक व्हॉल्व आहे का? आणि हा कोपरा बघा. इथे वाफ तुंबणार. सेफ्टी व्हॉल्व तर नाहीच!”

“नाना, ते चित्र आहे.”

“चित्र काढायचं तर बरोबर काढावं ना!”

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर ते मिलमधल्या दोन फिटरांना घरी घेऊन आले. तिघांनी चहा पीत पीत बराच वेळ त्या पाइपांची तपासणी केली. एक फिटर म्हणाला, बेंड चांगले मारलेत. नानांनी त्याला पुन्हा चहा विचारला नाही.

इकडे पत्रिकेचं काम आलं होतं आणि ते काही साधं नव्हतं. आमच्या खान्देशी लोकांची पत्रिका म्हणजे (आता मीही ‘आमच्या’ म्हणायला लागले बघा) नुसती वधू-वरांची नावं नव्हेत. आजोबा, पणजोबा, काका, मामा, मेहुणे, भाऊबंद, गल्लीतले मान्यवर, सगळ्यांची नावं हवीत. एखादं राहिलं तर तो माणूस लग्नाला येतो आणि जेवत नाही. इथे तर एका मांडवात कितीतरी जोडपी, म्हणजे तितक्या घरांचे भाऊबंद. रोज संध्याकाळी कुणीतरी दारात उभं: माझ्या साडूचं नाव टाकलं का? ज्योती सगळं टाकत होती. नाना शेजारी बसून प्रत्येक नाव मोठ्यांदा वाचत होते, त्यामुळे कुणाचं नाव टाकलं ते अख्ख्या लाइनीला कळे.

आणि एक दिवस काकूंनी सोललेल्या लसणाची परात सोयीची जागा बघून कीबोर्डवर ठेवली. बटणं दाबली गेली आणि कॉम्प्युटर टूं टूं टूं टूं करून आकांत करायला लागला. नाना अंगणात होते. खट्. दोन दिवसांची नावं गेली. ज्योतीनं ती सेव्ह केली नव्हती, नवखीच होती बिचारी.

नाना तिला म्हणाले, “आधी आग बंद—”

“नाना!” ज्योती किंचाळली. त्या घरात नानांपेक्षा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

कल्पेशभाईंनी उपाय सांगितला, यूपीएस. कुठूनसा एक वापरलेला त्यांनी आणूनही दिला. लाइट गेली तरी हा डबा कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवतो, तेवढ्यात काम जपून ठेवायचं. खरं तर तो नानांवरचाच उपाय होता, पण तसं त्यांना कुणी सांगितलं नाही.

सांगायला हवं होतं. कारण पुढच्याच आठवड्यात एकदा ज्योतीनं काहीतरी चुकीचं दाबलं, कॉम्प्युटरनं टूं टूं केलं, नानांनी बाहेर खट् केलं, आणि मेन स्विच बंद झाल्याबरोबर यूपीएस कोकलायला लागला. नाना चक्रावले. आग बंद केली तरी घंटी वाजते? असं त्यांच्या साऱ्या नोकरीत झालं नव्हतं. “मागे व्हा! सगळे मागे व्हा!” ओरडत ते आत धावले, काकूंना दंडाला धरून बाहेर काढलं, ज्योतीला खुर्चीसकट ओढलं, आणि टेबलाखाली शिरून यूपीएसचं बटण दाबलं. टूं टूं थांबलं. टेबलाखालून नाना म्हणाले, “वाचलो.”

ज्योती ओरडली नाही. ती ओट्यावर येऊन माझ्या शेजारी बसली आणि रडली. “बाई, मी पारोळ्याला जाणार. मला आता दिसायलाच लागलंय. म्हशी दिसतात मला.” मला हसूही येईना. पोर काळवंडली होती, आणि नाव नाव करून तिनं ते सगळं दुसऱ्यांदा भरत आणलं होतं, आणि नेमकं ते जपून ठेवतानाच यंत्र बंद पडून पुन्हा गेलं होतं.

नाना दारात उभे राहून ऐकत होते. त्यांना वाटलं होतं आपण पोरीला वाचवलं. आता तिच्या रडण्याचं कारण आपणच, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचं तोंड उतरलं. ते आत गेले, एक कुलूप घेऊन आले, मीटरपेटीला लावलं आणि चावी माझ्या हातात ठेवली.

“बाई, ही तुमच्याकडे. मी मागितली तरी देऊ नका. पाया पडलो तरी देऊ नका. माझा हात माझं ऐकत नाही.”

मी चावी मंगळसूत्राच्या वाटीजवळ सेफ्टी पिनेला अडकवली.

पत्रिका प्रेसला द्यायचा दिवस आला. उधन्याचा प्रेसवाला संध्याकाळी गावी निघणार होता. त्याआधी फ्लॉपी त्याच्या हातात पडली तर पत्रिका, नाही तर नाही. आणि नेमक्या त्या दिवशी सकाळच्या गाडीनं आक्का हजर झाल्या. ओट्यावर सतरंजी टाकून अशा बसल्या की पंचच. ज्योती तिसऱ्यांदा भरलेली सगळी नावं तपासत होती. दुपारी आक्कांना आठवलं की नातवाच्या मामेसासऱ्यांचं नाव राहिलं. मग चुलतमामेसासऱ्यांचं आठवलं. ज्योती निमूट टाकत होती. नाना तिच्याजवळ जायला स्वतःच तयार नव्हते. माझ्या खिडकीशी, बाहेर, पाठीमागे हात बांधून उभे होते. मी ओट्यावर आक्कांच्या शेजारी होते.

ज्योतीनं आतून हाक दिली, “झालं! आता फ्लॉपीत उतरवते.” आणि लाइट गेली.

ही गल्लीचीच गेली. शेजारच्या खात्यातले, म्हणजे कारखान्यातले, माग एकदम थांबले, म्हणून कळलं. आणि त्या शांततेत यूपीएस सुरू झाला. टूं. टूं. टूं. डबा जुना, त्याचा दम केवढा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. फ्लॉपीही आत कुर्र कुर्र करत होती, आणि फ्लॉपीला घाई ठाऊक नसते.

नाना माझ्याकडे वळले. “बाई, चावी.”

“नाना, लाइट तर गेलेलीच आहे. चावी कशाला?”

“चावी द्या, बाई!” कपाळावर घाम डबडबला होता. मी सेफ्टी पीन पदराखाली झाकली. टूं टूं आता भरभर व्हायला लागलं. नानांनी माझ्या खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले आणि डोळे मिटले. त्यांना आत काय दिसत असेल ते मला ठाऊक होतं. सुपडू वाकताना दिसत असेल.

तेवढ्यात आक्का कडाडल्या, “शांताराम! काय उभा ऱ्हायना? बंद कर ते! पोरीले काही व्हई जाई!”

आक्कांचा शब्द नानांनी कधी मोडल्याचं कुणी बघितलं नव्हतं. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. बोटं गजावर पांढरी पडली होती. टूं टूं टूं टूं.

“नाही, आक्का,” नाना म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. “वाजू दे. मनी पोर काम करी ऱ्हायनी.”

आतून कुर्र कुर्र चालूच होतं. मग एकदम यूपीएसनं एक लांबलचक टूंऽऽ केलं आणि तो मेला. पाठोपाठ सगळे आवाज बंद. काकू हातात पोळपाट घेऊन थिजल्या होत्या.

ज्योती दारात आली. काळी चौकोनी फ्लॉपी तिनं दोन बोटांत धरली होती.

“उतरलं?” मी विचारलं.

“उतरलं.”

ती नानांची लुना घेऊन उधन्याला निघाली. गल्लीच्या टोकापर्यंत नाना मागे पळत गेले, पेट्रोलचा कॉक उघडा आहे का ते विचारत. परत आले तेव्हा त्यांच्या तळव्यांवर गजांचे लाल वळ उठलेले दिसले. काकूंनी त्यांना तूप लावलं.

पत्रिका वेळेवर आली, गुलाबी, चारपदरी, आणि एकही माणूस मांडवात उपाशी राहिला नाही. आक्कांनी शब्द पाळला. दोन वर्षं लग्नाचं तोंडातून काढलं नाही. फक्त दर खेपेला एका मुलाचा फोटो आणून, काही न बोलता, देव्हाऱ्याजवळ ठेवून जायच्या. ज्योतीकडे पांडेसरा, भेस्तानपासून लोक पत्रिका काढायला येऊ लागले. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्या घरात डाळ शिजायला लागली. कुकर शिट्टी द्यायचा आणि नाना पाटाची कड धरून बसायचे. दुसरी. तिसरी. “काढा हो आता,” असं मग काकूंना म्हणायचे.

मीटरपेटीची चावी त्यांनी परत मागितली नाही. मीही दिली नाही. फ्यूज गेला की ज्योती माझ्याकडून न्यायची आणि आणून द्यायची.

दोन वर्षांनी ज्योतीनं आपण होऊन एक मुलगा पसंत केला. भेस्तानचा, कापड मार्केटात नोकरीला, आणि लग्नानंतर तिचं काम चालू राहील हे आपणहून सांगणारा. आक्कांनी त्यालाही विचारलं, म्हशी आहेत का? नाहीत म्हणाला. आक्कांनी निःश्वास टाकला आणि ज्योतीचा चेहरा उजळला.

रुखवतात सगळ्यांत पुढे तो कॉम्प्युटर होता. भोवती लाडूंचे मनोरे, करंज्यांचं तोरण, आणि मध्ये चालू केलेला पडदा. त्यावर पाइप वळत होते. बायका घोळका करून बघत होत्या. पाठवणीच्या आधी नाना जावयाला हाताला धरून तिथे घेऊन गेले. मी जवळच होते. मला वाटलं, आता नियम सांगणार, यंत्र तापवायचं कसं, चार्ज द्यायचा कसा. जावईही बिचारा हात जोडूनच उभा होता.

“हे बघा,” नाना म्हणाले, आणि चक्क हळू आवाजात म्हणाले, “हा वाजला, तर हात लावायचा नाही. कितीही वाजला तरी नाही. तिला विचारायचं. तिला समजतं.”

जावयानं मान हलवली. नानांनी टॉवेलनं पडद्याची काच पुसली, जिथे धूळ नव्हतीच.

ज्योती सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. नानांच्या पाया पडून उठली आणि म्हणाली, “नाना, चार्ज घेतला.” नाना नुसते हूं म्हणाले. गाडीत ती बसली, मागच्या टेंपोत गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर चढला. गल्ली अरुंद, गाडी वळवायला जागा नव्हती. म्हणून ड्रायव्हरनं ती मागे घ्यायला सुरुवात केली, आणि नव्या गाडीला लावलेला तो मागे येतानाचा भोंगा वाजायला लागला. टूं. टूं. टूं. टूं.

नाना ताडकन वळले आणि मीटरपेटीकडे गेले. हात कुलपावर पडला. मग ते माझ्याकडे वळले. अर्ध्या भुवया, फेटा कलंडलेला, डोळे भरलेले.

“बाई, चावी.”

मी म्हटलं, “नाही देणार, नाना.”

गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचली. भोंगा वाजतच होता. नानांनी कुलूप सोडलं, दोन्ही हात पाठीमागे बांधले, आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

“नकाच देऊ,” ते म्हणाले.